पुरणाच्या दिवशी गोळी नाही

श्रावण लागायच्या आधीच्या आठवड्यात अंबिकाबाई मुळ्यांना चौदा माणसांनी सांगितलं, की तुमची तब्येत छान सुधारली. आकडा त्यांनी स्वतः मोजला होता. बावीस वर्षं वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी केल्यामुळे मोजायची खोड लागली होती आणि ती नोकरी सुटल्यावरही सुटली नव्हती. दूधवाला म्हणाला, किराणा दुकानदार म्हणाला, देवळात भेटलेली एक बाई तर हनुवटीला हात लावून म्हणाली, की आता कशा भरल्या घरच्या दिसता. चौदाव्या माणसाला अंबिकाबाईंनी सरळ सांगून टाकलं, की ही तब्येत नाही, औषधाची सूज आहे. त्याने मान डोलावली आणि औषधाचं नाव विचारलं. त्याची बायको फार वाळली होती म्हणे, तिलाही सुरू करू.

औषध स्टेरॉइडचं होतं. श्वासासाठी.

अंबिकाबाई मूळच्या नगरकडच्या कर्जतच्या. तिकडे पाऊस बेताचा, हवा कोरडी आणि माहेरी दम्याचं नाव कुणाला माहीत नाही. लग्न होऊन त्या कोपरगावला आल्या. नवरा, नारायणराव, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून. मुलगी इरा शाळेत जायला लागली तशी अंबिकाबाईंनी गावातल्या एका वाचनालयात नोकरी धरली. पगार सांगायची लाज वाटावी असा होता, पण बसायला खुर्ची होती आणि त्या खुर्चीवरून माणसांना ‘नाही’ म्हणायचा अधिकार होता. तो त्यांनी मनसोक्त वापरला. आधीचं पुस्तक आल्याशिवाय दुसरं नाही, मग समोर तहसीलदार उभा असो की शाळेचे मुख्याध्यापक. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला तर त्या माणसाच्या तोंडावर उलगडून दाखवत. गावात मागून त्यांना फौजदारीणबाई म्हणायचे. हे त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

छाती वाजायला लागली ती पंचेचाळिशीनंतर. आधी फक्त पावसाळ्यात, मग थंडीतही, मग बारा महिने. पंप आला, मग मोठा पंप आला. बावन्नाव्या वर्षी नोकरी सोडावी लागली. गेल्या फाल्गुनात तर खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडायला लागल्या आणि गच्चीवर वाळत घातलेली साडी आणायला जिन्यात दोनदा बसावं लागलं. नगरला नेलं. तिथल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, रक्त तपासलं आणि सांगितलं, की हा नुसता दमा नाही, त्यात बुरशीची ॲलर्जी मिसळली आहे. ही बुरशी कुठेही असते, ओल्या भिंतीत, जुन्या धान्यात, जुन्या पुस्तकांत. स्टेरॉइडच्या गोळ्या पाच-सहा महिने घ्याव्या लागतील.

डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. गोळ्या सकाळी, न्याहारीवर. आठ गोळ्यांनी सुरुवात, मग हळूहळू कमी. आणि एक दिवसही आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. शरीर हे द्रव्य स्वतःच तयार करत असतं, पण बाहेरून आयतं मिळायला लागलं की ते काम सोडून देतं. एकदम गोळी थांबली तर शरीराकडे स्वतःचं काहीच नसतं, त्याला हळूहळू पुन्हा कामाला लावावं लागतं. अंबिकाबाईंनी मान हलवली. नारायणरावांनीही हलवली, मोबाईलवर बसचं वेळापत्रक बघता बघता.

पहिले आठ दिवस तर अंबिकाबाई त्या गोळीच्या प्रेमात पडल्या. जिना एका दमात चढल्या, वर जाऊन मोठ्याने हसल्या. मग एकेक करून बाकीचं सगळं आलं. आधी भूक. पोहे खाऊन हात धुताना दुपारचं जेवण डोळ्यांपुढे यायचं. मग साखर वाढली, त्यासाठी वेगळी गोळी. पित्तासाठी वेगळी, हाडांसाठी वेगळी. झोप उडाली. हातावर नुसती बांगडी आपटली तरी निळा डाग उठायचा. मांड्यांतली ताकद अशी गेली, की खाली बसलं तर उठताना खिडकीचा गज धरावा लागे. आणि चेहरा. तो दोन महिन्यांत पुरता गोल झाला. गाल वर आले, डोळे बारीक झाले, हनुवटीवर लव आली. आरशात दिसणाऱ्या बाईला त्या ओळखत नव्हत्या आणि ती बाई त्यांना आवडतही नव्हती.

घरात चीड काढायची ती कुणावर? नारायणराव रागवायच्या कामाचा माणूसच नव्हता. सगळं आयुष्य त्याने हसण्यावारी नेलं होतं. कारखान्यात साहेब ओरडला, हसला. बदली झाली, हसला. आता कुणी बायकोची चौकशी केली की म्हणायचा, मस्त चाललंय, कोठार भरतंय आमचं. अंबिकाबाईंनी एकदा विचारलंही, की मी आजारी आहे एवढं सांगायला तुमचं तोंड दुखतं का. त्यावर तो म्हणाला, लोकांना रडगाणी कशाला ऐकवायची, चार शब्द गोड बोललं की माणूस खूष होऊन जातो. माणूस खूष होऊन जायचा, हे खरंच होतं. अंबिकाबाई तिथेच राहायच्या.

खरं काय ते एकाच बाईने ओळखलं. भांड्याला येणारी साळूबाई. तिने वैशाखातच ओटा पुसता पुसता म्हटलं होतं, "बाई, ह्ये अंगावर आलेलं न्हाई. ह्यी सूज हाय. आमच्या जावंला आशीच आल्ती गोळ्यांनी." अंबिकाबाईंना तिला मिठी मारावीशी वाटली होती. पण साळूबाईचं म्हणणं दूधवाल्यापर्यंत आणि देवळापर्यंत कोण पोचवणार?

या सगळ्यात एकच गोष्ट अंबिकाबाईंनी मनात घट्ट धरून ठेवली होती. इराचं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षात. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबाने श्रावणात तीनाच्या दोन गोळ्या होणार होत्या, भाद्रपदात एक, आणि सगळं सुरळीत झालं तर दसऱ्याला बंद. बंद झाल्यावर चेहरा उतरायला दोन-अडीच महिने. म्हणजे अगदी काठावर का होईना, लग्नात स्वतःचा चेहरा मिळण्याची आशा होती. इराने पुण्याहून फोनवर सांगितलं, की आई, तू उगाच काळजी करतेस, फोटोवाला अल्बममध्ये चेहरा बारीक करून देतो, आजकाल सगळेच करतात. त्यावर अंबिकाबाईंनी फोन ठेवून दिला. अल्बममध्ये फोटोवाल्याने केलेली एक बाई आणि मांडवात गोळ्यांनी केलेली दुसरी, मग मुलीच्या लग्नाला आई नक्की आली कुठली?

असा श्रावण लागला. यंदा त्यात शुक्रवार आले पाच, आणि समोरच्या घरातून आक्काबाई आवतण घेऊन आल्या.

आक्काबाईंचा नातू अनीश सातव्याच महिन्यात जन्मला होता. अठ्ठावीस दिवस काचेच्या पेटीत. त्याच्या आईने, धनश्रीने, त्या काचेला हात लावून जिवतीला बोललं होतं, की पोर घरी येऊ दे, चालायला लागलं की श्रावणातले सगळे शुक्रवार एकाच सवाष्णीला पुरणाचं जेवू घालीन. पोर आता दीड वर्षाचं झालं होतं, गल्लीभर पळत होतं. आणि सवाष्ण म्हणून आक्काबाईंनी निवड केली होती अंबिकाबाईंची. सवाष्णीला पात्रता एकच लागते, नवरा जिवंत असणे, आणि त्यासाठी नारायणरावांनी कधी काही विशेष केलं होतं असं नाही. पण आक्काबाईंच्या डोळ्यांत दुसरंच होतं. त्या म्हणाल्या, "चेहरा कसा भरलाय तुझा. जिवतीच्या कागदावरची बाईसुद्धा अशीच गोल असते."

अंबिकाबाईंनी सांगितलं. अगदी स्पष्ट सांगितलं, की आक्का, मी आजारी आहे, मला साखर आहे, पुरण चालत नाही, सकाळी खाऊन गोळ्या घ्याव्या लागतात. आक्काबाई हसल्या. सवाष्णीने उपाशीपोटी यायचं असतं हे काय तुला सांगायला हवं का, आणि देवाच्या घासाने कुणाला काही होत नाही. मग त्यांनी नारायणरावांकडे बघितलं, आणि नारायणराव म्हणाले, की येईल की, खायला ती कधी नाही म्हणते का? दोघं हसली.

त्या वेळीही अंबिकाबाईंनी ‘नाही’ म्हटलं असतं. तहसीलदाराला म्हटलं होतं, आक्काबाई कोण? पण मागे धनश्री उभी होती, पोर कडेवर घेऊन. पोराच्या मनगटावर सुई टोचल्याचा पांढरा वण अजून दिसत होता. अंबिकाबाईंनी कुंकू लावून घेतलं.

पहिल्या शुक्रवारी दुपारचा सव्वा वाजला तरी पान वाढलं नव्हतं. आरती, मग पोराला औक्षण, मग शेजारणी जमेपर्यंत थांबणं. स्टेरॉइडची भूक आणि समोर पुरण शिजल्याचा वास, अंबिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांना वाटलं, भक्तीने आलं. पान वाढल्यावर त्या जेवल्या आणि पोटभर जेवल्या. खोटं कशाला सांगा, पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणी डोळे न वटारता त्यांना वाढत होतं. तीन पोळ्या, वर तूप, शेवटी आटवलेलं दूध. पानात टाकायचं नसतं म्हणून सगळं संपवलं. पाटावरून उठताना मात्र मांड्यांनी दगा दिला आणि दोघींनी काखेत हात घालून ओढून काढलं. त्यावर जोरात हशा झाला. आक्काबाई म्हणाल्या, याला म्हणतात तृप्त होणं.

संध्याकाळी बोटातून रक्त काढून मशीनवर बघितलं. तीनशे बेचाळीस.

त्या रात्री अंबिकाबाईंनी एक हिशेब मांडला. हिशेब इतका सरळ होता, की तो आधी कुणाला कसा सुचला नाही याचंच त्यांना नवल वाटलं. साखर वाढते गोळीने. हे डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या होत्या. साखर पुरणानेही वाढते. दोन्ही एकाच दिवशी नकोत. पुरण टाळता येत नाही, कारण पोराचा नवस आहे. मग त्या दिवशी गोळी टाळायची. शिवाय गोळी घ्यायची खाऊन, आणि सवाष्णीने खायचं नाही, म्हणजे सकाळी तिला जागाच कुठे आहे? सकाळची गोळी आज घेतलीच नव्हती, ती आता घ्यायचीही नाही. मग शनिवारी सकाळी बघितलं तर साखर दोनशे दहा होती, म्हणून शनिवारीही नाही. तसंही गोळ्या कमीच करायच्या आहेत, दोन दिवस आधी कमी झाल्या तर दसरा लवकरच येईल. देव आणि डॉक्टर दोघंही एकच बोट दाखवत होते. न घेतलेल्या सहा गोळ्या त्यांनी वेलदोड्याच्या रिकाम्या डबीत टाकल्या. फेकल्या नाहीत, कारण औषध फेकायचं नसतं. नारायणरावांना सांगितलं नाही, कारण ते हसले असते.

दुसरा शुक्रवार आणि शनिवार तसाच गेला. डबीत बारा झाल्या. काही झालं नाही. सोमवारी अंग जड वाटलं, पण हवाच तशी होती.

तिसऱ्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे तीनाच्या दोन गोळ्या झाल्या आणि अंबिकाबाईंनी शुक्रवार, शनिवारबरोबर रविवारही सोडला. कारण आरशात हनुवटीची कड दिसली होती. खरंच दिसली होती की दिसावीशी वाटली होती, कोण जाणे. पण त्या आरशापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. पंप दिवसातून दोनाच्या ऐवजी पाच वेळा ओढावा लागत होता, तो दोष त्यांनी पावसाला दिला. साळूबाई म्हणाली, "बाई, तुमच्या तोंडावरची कळा गेलीया." साळूबाईचं पाच महिन्यांत पहिल्यांदाच चुकलं, असं अंबिकाबाईंनी मनाशी ठरवलं.

चौथ्या आठवड्यात मंगळवारपासून घसा धरला. अंगात कणकण. बुधवारी सकाळी उठल्या तर भूक नव्हती. पाच महिने मानगुटीवर बसलेली ती भूक आपणहून उतरली होती. पोट ढवळत होतं, डोकं हलकं वाटत होतं, पण भूक नव्हती, याचा त्यांना इतका आनंद झाला, की कणकण बाजूला राहिली. शरीर कामाला लागलं, त्या म्हणाल्या. बुधवारी गोळी घेतली नाही. गुरुवारीही नाही.

शुक्रवारी पाटावर बसल्या तेव्हा समोरचं पान जवळ येत होतं आणि लांब जात होतं. धनश्रीने पाय धुतले, गजरा दिला. तिचा हात लागला तेव्हा ती दचकली आणि हळूच म्हणाली, की काकू, तुमचे पाय बर्फ आहेत. आक्काबाईंनी तिला वाढायला पाठवलं. पहिला घास गिळला. दुसरा गिळताना घाम फुटला, कपाळावरचं कुंकू ओघळलं, श्वास आत गेला तो बाहेर यायला वाट मिळेना, आणि सगळ्या बायकांसमोर, समईसमोर, जिवतीच्या कागदासमोर अंबिकाबाई त्या पानातच ओकल्या.

आक्काबाई मागे सरकल्या. धनश्रीने पोराला खाली टाकून त्यांना धरलं आणि आपल्या नव्या साडीने त्यांचं तोंड पुसलं. पुढचं अंबिकाबाईंना तुटक आठवतं. शेजारच्या गाडीची मागची सीट. नारायणराव काहीतरी बोलत होते आणि हसत नव्हते. दवाखान्यात नर्स म्हणाली, बीपी लागत नाही. मग सलाईन, इंजेक्शन, नाकावर ऑक्सिजन.

तिथल्या डॉक्टरांनी नारायणरावांना विचारलं, की स्टेरॉइड बंद केलं होतं का. ते ठामपणे नाही म्हणाले. रोज घेते, मी बघतो ना. कपडे आणायला घरी गेले तेव्हा साळूबाई ओट्यापाशी उभी होती. तिने वेलदोड्याची डबी त्यांच्या हातात दिली. "मालक, ह्या बाईंनी ठिवल्यात. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल." नारायणरावांनी गोळ्या टेबलावर ओतल्या आणि मोजल्या. चोवीस भरल्या. एकेक करून त्या पुन्हा डबीत भरल्या. मग डबी खिशात घालून दवाखान्यात आले आणि डॉक्टरांपुढे ठेवली.

नगरच्या डॉक्टरीणबाईंशी फोन झाला. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, की जीव वाचला हे नशीब, आता पुन्हा आठांपासून. आणि या वेळी अजून सावकाश. अंबिकाबाईंनी एकच विचारलं, मार्गशीर्षात किती असतील? चार, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कदाचित तीन.

अंबिकाबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. पाच महिन्यांची भूक, निळे डाग, बिनझोपेच्या रात्री, सगळं पाण्यात. जिना चढून वरच्या पायरीवर पोचावं आणि कुणी पुन्हा खाली आणून ठेवावं, तेही आपणच. चीड यायची ती कुणावर यावी हेही कळेना. गोळीवर यावी तर ती नसल्याने आपण मरत होतो. आक्काबाईंवर यावी तर हिशेब आपला. नवसावर यावी तर ते पोर गल्लीत पळत होतं.

तिसऱ्या दिवशी आक्काबाई भेटायला आल्या, शहाळं घेऊन. खुर्चीवर टेकल्या, चौकशी केली, आणि मग मुद्द्यावर आल्या. आजारी सवाष्ण चालत नसते. पान बाटलं. चारही शुक्रवार फुकट गेले म्हणायचे. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, पाचवा तरी नीट करा, दुसरी बाई बघा. बघितली आहे एक. पण अंबिका, तू आधी सांगायला हवं होतंस.

अंबिकाबाईंनी नाकावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केली. "सांगितलं होतं, आक्का. कुंकू लावायच्या आधी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस गं," आक्काबाई म्हणाल्या, "पण तसं वाटत नव्हतं ना."

अंबिकाबाईंनी नळी पुन्हा लावली.

घरी आल्या त्या बुधवारी. गुरुवारपासून नारायणरावांनी भिंतीवर एक कागद चिकटवला, तारीख, वार, गोळ्या, साखर. शेतकी खात्यातल्या उसाच्या नोंदींसारख्या रेघा आखल्या होत्या. अंबिकाबाईंना त्याचाही राग आला. पाच महिन्यांपूर्वी आखता आल्या नसत्या का?

पाचव्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता त्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या. ताटात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी, बाजूला वाटीत आठ गोळ्या. भाकरीचा तुकडा मोडला, तेवढ्यात दार वाजलं आणि आक्काबाई धापा टाकत सरळ आत आल्या. त्यांची नजर आधी ताटावर गेली.

"खाल्लं नाहीस ना अजून?"

झालं होतं असं, की दुसऱ्या सवाष्णीकडे पहाटे सुतक आलं होतं. आणखी दोन घरी विचारून झालं, एक गावाला गेलेली, एक आधीच दुसरीकडे बोलावलेली. पुरण तर शिजायला लागलं होतं. आक्काबाई एका दमात बोलत होत्या. तू नुसती येऊन बस. एक घास घे आणि ऊठ. कोण मोजतंय? दवाखान्यातून आलीस म्हणजे बरीच झालीस, आणि चेहरा बघ की, कोण म्हणेल आजारी? अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातलं गाढव होऊन अंबिकाबाई ऐकत होत्या. गेल्या शुक्रवारी पान बाटवणारी बाई या शुक्रवारी पुन्हा चालत होती.

"मी येणार नाही," अंबिकाबाई म्हणाल्या. "मी आजारी आहे."

वाचनालयाच्या खुर्चीवरून म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाल्या. पण आक्काबाईंना तो ऐकूच आला नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे मान वळवून नारायणरावांकडे बघितलं. नारायणराव ओट्याशी चहा गाळत होते. आता ते काहीतरी गंमत करतील, दोघं हसतील आणि बायको मुकाट्याने उठेल, असंच आजवर झालं होतं.

नारायणरावांनी गाळणं खाली ठेवलं. "आक्का, ती आजारी आहे. चैत्रापासून आजारी आहे. तोंड सुजलंय ते औषधाने. मागच्या शुक्रवारी ती तुमच्या पाटावर मेली असती."

आक्काबाईंनी अंबिकाबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, नीट बघितलं, जणू तो आत्ताच तिथे आला होता. त्यांचा हात गळ्यापाशी गेला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "असं आहे होय? मग आधी नाही का सांगायचं?"

आणि त्यांनी ते मानलं. एका क्षणात, काही न विचारता. अंबिकाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला, जप म्हणाल्या, धनश्री नवसाचं बघेल काहीतरी म्हणाल्या, आणि दारापाशी जाऊन पुन्हा वळून नारायणरावांनाच विचारलं, की पथ्याचं काही करून पाठवू का.

दार लागलं. नारायणराव चहा घेऊन टेबलाशी आले. आपण काहीतरी चांगलं केलं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि ते खोटंही नव्हतं. अंबिकाबाईंनी त्या तोंडाकडे बघितलं. हेच वाक्य त्यांनी चौदाव्या माणसाला ऐकवलं होतं, आक्काबाईंना दोनदा, तिसऱ्यांदा आत्ता, समोरासमोर. त्या वाक्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. बनियन घातलेल्या, हातात चहाचं भांडं धरलेल्या माणसाने ते एकदा म्हटलं आणि ते खरं झालं.

"हे पहिल्या शुक्रवारी म्हणायला काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

नारायणरावांनी तोंड उघडलं. हसून काहीतरी म्हणायची पन्नास वर्षांची सवय ओठांपर्यंत आली होती, हे अंबिकाबाईंना दिसलं. ती तिथेच राहिली. त्यांनी कप खाली ठेवला आणि मान खाली घातली.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तू सांगितलंयस ना."

अंबिकाबाईंनी मोडलेला तुकडा भाजीत बुडवला. समोरच्या घरातून पुरणाचा वास यायला लागला होता. आठ गोळ्या एकेक करून, पाण्याच्या घोटाबरोबर, त्यांनी गिळल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण भूक परत आली होती आणि त्या खात होत्या.